यजमानिणीचा झगा

आधी नाव लिहिते, मग काय घडलं ते लिहिते. ईशा. आडनाव लिहीत नाही, आणि हे जिथे घडलं त्या गावाचंही नाव लिहीत नाही, कारण शोधणारे शोधून काढतात. शिकागोजवळ शॉमबर्गला वाढलेली मुलगी. मराठी पूर्ण समजतं, बोलते अर्धं. तिने माझ्यासाठी जे केलं ते माझ्या पाठच्या बहिणीने केलं नसतं. मी तिच्यासाठी जे केलं नाही, ते कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाच्या ताई म्हणाल्या, "सुमनताई, डेव्हनवरच्या गिऱ्हाइकांच्या गमती लिहा, लोकांना आवडतं." गमती आहेत. त्याही लिहीन. पण पेन हातात घेतलं की ईशाच डोळ्यांपुढे येते.

मी इचलकरंजीची. शाळा आठवीत सोडली. सोडली म्हणजे सहामाहीनंतर गेलेच नाही, आणि कुणी विचारायलाही आलं नाही. गल्लीच्या टोकाला आक्कांचा आरीकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची खोली, तीन अड्डे आणि नऊ बायका. अड्डा म्हणजे लाकडी चौकट. तिच्यावर कापड ताणायचं, इतकं की टिचकी मारली तर हलगीसारखं वाजलं पाहिजे. आरी म्हणजे लाकडी मुठीची सुई, टोकाला बारीक आकडा. उजवा हात कापडाच्या वर, डावा खाली. डाव्या हातात दोरा. आरी खाली बुडवायची, दोरा आकड्यात अडकवून वर आणायचा, आणि वर आलेल्या फासातूनच पुन्हा खाली. अशी साखळी तयार होते. प्रत्येक कडीत एक मणी, नाहीतर एक टिकली.

या साखळीची एक खोड आहे. शेवटची गाठ पक्की असेल तर जन्मभर हलत नाही. पण गाठ सुटली किंवा मधेच दोरा तुटला, की सगळी ओळ सरसर उसवत जाते. साध्या सुईने लावलेला मणी पडला तर एकटा पडतो. आरीचा पडला तर शेजारपाजार घेऊन पडतो. आक्का म्हणायच्या, "आरीचं काम म्हणजे भाऊबंदकी गं. एक फुटला की सगळे फुटले."

इथे आले ती आमच्या ह्यांच्या मागून. ते शिकागोत, आपल्या लोकांच्या दुकानांच्या डेव्हन रस्त्यावर, एका हॉटेलात आचारी. मालकाने त्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज भरला होता, निकाल लागत नव्हता, तोवर मला कामाचं परमिट मिळालं होतं. हंसाबेनच्या साडीच्या दुकानात, मागच्या खोलीत, मी ब्लाउजवर आरीकाम करायला बसले. खिडकी नाही, ट्यूबलाइट एक. माझे डोळे तिथेच अधू झाले.

गिऱ्हाइकं मात्र एकेक. एकदा पुण्याचा एक मुलगा आला, आयटीतला. बायकोचा ब्लाउज शिवायचा, आणि मापाला हातात फोनच्या चार्जरची केबल.

"टेप नव्हता घरात, काकू. म्हणून केबलने मोजलं. छाती म्हणजे एक पूर्ण केबल आणि वर इथपर्यंत."

"अरे पण ही केबल केवढी?"

"एक मीटरची. नाही, थांबा. ती वेगळी होती."

"आणि बायको कुठाय?"

"ती बाहेर गाडीत आहे. पार्किंगच मिळत नाहीये यार, राउंड मारतेय."

"मग तू जाऊन राउंड मार आणि तिला आत पाठव!"

त्याला हे सुचलंच नव्हतं. आणखी एक बाई मिशिगनमधल्या नोव्हायहून पाच तास गाडी चालवून आल्या होत्या. त्यांना कुत्र्यासाठी शेरवानी हवी होती, गळ्यावर मोती लावलेली. मी केली. कुत्रा गुणी होता, नवरदेवांपेक्षा शांत उभा राहिला.

हसते लिहिताना, पण खरं सांगायचं तर ही गंमत शेवटच्या वर्षांत फार उरली नव्हती. भारतातून तयार ब्लाउज यायला लागले, मशीनवर भरलेले, डबा उघडला की घालायचे. माझ्याकडे यायचे ते "काकू, बगलेत अर्धा इंच सोडा" म्हणायला. आरी महिनोन्महिने डब्यात. हंसाबेन तोंडावर काही बोलायच्या नाहीत, पण मागच्या खोलीत त्यांनी साड्यांची खोकी रचायला सुरुवात केली होती. आज एक, उद्या दोन. मी ती खोकी बघायची आणि ओळखायची.

त्या दिवसांत ईशा आली. आईबरोबर, मावसबहिणीच्या लग्नासाठी घेतलेला ब्लाउज घेऊन. बाहीवरची एक ओळ उसवली होती. मी ब्लाउज उलटा केला, आतल्या बाजूने टोक पकडलं आणि साखळी पुढे नेली. मान वर केली तर ही पोरगी जमिनीवर बसून, मान वाकडी करून कापडाखालून माझा डावा हात बघत होती.

"मावशी, तुम्ही उलट्या साइडने करता?"

"दुरुस्ती उलटीकडूनच करायची. सुलट बाजू जगाला दाखवायची."

तिची आई म्हणाली, "ईशा, उठ गं, फरशी घाण आहे."

ती उठली नाही. तिने फोन काढला आणि मला एक फोटो दाखवला. एका झग्याचा आतला भाग. जाळीचं रेशमी कापड, त्यावर साखळ्याच साखळ्या. मी फोन हातात घेतला आणि बोटांनी चित्र मोठं करत गेले. कुणा गोऱ्या बाईने, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, माझाच टाका घातला होता. फरक एवढाच की तिने मणी दोऱ्यात ओवून खाली धरले होते, आम्ही वरून उचलतो.

"दोघींनी केलंय हे," मी म्हणाले. "ही ओळ बघ, घट्ट आहे. इथून पुढे सैल. हात बदललाय."

"ओ माय गॉड," ईशा म्हणाली. "मम्मा, शी कॅन रीड इट."

वाचता येतं, असं माझ्याबद्दल कुणी म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी.

ईशा एका लहानशा इतिहास-संग्रहालयात कामाला होती, शिकागोहून उत्तरेला दीड तास, सरोवराच्या काठच्या गावात. जुन्या कपड्यांची निगा राखायची हे तिचं काम. त्यासाठी इथे कॉलेजात शिकावं लागतं. कंत्राट वर्षावर्षाचं, त्या वर्षी कायम व्हायची आशा होती. त्या गावाची एक जुनी पद्धत होती. मोठ्या कंपन्यांची अधिवेशनं आपल्या गावात व्हावीत म्हणून गाव दरवर्षी एक मुलगी निवडायचं. तिला म्हणायचे होस्टेस. मी म्हणते यजमानीण. बाहेरगावचे पाहुणे आगगाडीतून उतरले की फलाटावर ही उभी, अंगात हा झगा. गावाच्या जाहिरातीत, पोस्टकार्डांवर, कॅलेंडरवर सगळीकडे ही. मुलगी दरवर्षी बदलायची, झगा तोच.

आणि झगा काय सांगू! गळ्यापासून कमरेपर्यंत चांदीच्या रंगाचे पाइपमणी, नळीसारखे लांबट, आणि छातीवर नांगर. कमरेखाली निळ्या टिकल्यांच्या लाटा, वर फिक्या, खाली जात गडद. काठाला मण्यांच्या झालरी. वजन पाण्याने भरलेल्या दोन कळशांएवढं. तीन ठिकाणी ओळी सुटलेल्या, म्हणून तो वर्षानुवर्षं खोक्यात आडवा. उभा केला असता तर स्वतःच्याच वजनाने उसवत गेला असता. हिवाळ्याआधी एक प्रदर्शन होतं आणि त्यात झगा पुतळ्यावर उभा करायचा, हे काम ईशाच्या अंगावर होतं. आरीचा टाका घालणारं माणूस तिला मिळत नव्हतं. तिने वरिष्ठांशी भांडून मला नेलं. कागद तिने भरले, मी सही केली.

आठवड्यातून दोन दिवस ती मला डेव्हनच्या बसस्टॉपवरून गाडीत घ्यायची. पहिल्या दिवशी वाटेत तिने सगळं समजावलं. पेन न्यायचं नाही, खाणं न्यायचं नाही, अंगठी काढायची. मग म्हणाली, "आणि मावशी, मोस्ट इम्पॉर्टंट. नो मॉइश्चर. मॉइश्चर अजिबात नको, ओके?"

"ओके," मी म्हणाले.

आता काय सांगू. आमच्या घरी मॉइश्चर म्हणजे हाताला लावायचं क्रीम. मॉइश्चरायझर. बाटलीवर तेच लिहिलेलं असतं, आमचे हेसुद्धा म्हणतात, "ते मॉइश्चर कुठं ठेवलंस?" मला वाटलं तेलकट हात नकोत. बरोबरच आहे की. त्या दिवसापासून मी क्रीम बंद केलं. त्या खोलीत कोपऱ्यात एक मशीन घुं घुं करत असायचं, मला वाटलं हीटर आहे. हवेतलं पाणी शोषणारं मशीन असतं हे मला नंतर कळलं. हातांना भेगा पडल्या, बोटं जाळीत अडकायला लागली, तर मी घरी नखं घासायच्या पट्टीने बोटं घासून यायची. ईशाने एकदा माझा हात बघितला. "मावशी, हे काय? क्रीम नाही लावत?" मी हसले. मला वाटलं, परीक्षा घेतेय.

त्या सहा-सात आठवड्यांएवढं मन लावून मी कधीच काम केलं नाही. तिथे दर बुधवारी लॉरेनबाई यायच्या. नव्वदीला टेकलेल्या, काठी घेऊन. तो झगा अंगात घालून फलाटावर उभ्या राहिलेल्या शेवटच्या यजमानीण. त्यांच्या दृष्टीचा मधला भाग गेला होता. समोरचं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. म्हणून मान वळवून कोंबडीसारख्या बघायच्या. बोलायच्या इंग्रजीत, मला कळलं नाही तिथे ईशा मराठीत सांगायची.

"यात बसता येत नसे," त्या म्हणाल्या. "थकले की दोन मुली मला धरून इस्त्रीच्या फळीसारख्या फळीला टेकवून ठेवायच्या. गाडी आली की पुन्हा उभी. हात हलवायचा, पण फार वर नाही. काखेतले मणी तुटायचे."

मी विचारलं, "आवडायचं?"

"मी शाळा सोडून चपलांच्या दुकानात लागले होते. गुडघ्यावर बसून लोकांच्या पायात बूट चढवायचे. हा अंगात असला की तेच लोक मला मॅम म्हणायचे." मग मान वळवून झग्याकडे बघत म्हणाल्या, "एकदा याला उभं बघायचंय. खोक्यात आडवं पडलेलं हल्ली फार बघते, सगळ्या मैत्रिणी बघून झाल्या."

ईशाने हे भाषांतर करताना हसू दाबलं, मी नाही दाबलं. लॉरेनबाईंना मी हसल्याचा आनंद झाला.

खंडेनवमी बुधवारी नव्हती, म्हणजे लॉरेनबाई तिथे नव्हत्या, हे त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. कामाचाच दिवस होता मात्र. आक्कांच्या कारखान्यात त्या दिवशी आरी, कात्र्या, दोऱ्याची रिळं पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू. मग आक्का झेंडूचं फूल पाण्यात बुडवून सगळ्यांवर शिंपडायच्या, हत्यारांवर आणि अड्ड्यावर चढवलेल्या कामावरही. काम पूर्ण होऊ दे म्हणून. इतकी वर्षं मी डेव्हनच्या मागच्या खोलीत हे करत आले. त्या वर्षी माझ्या अड्ड्यावर काय होतं? आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या.

मी बेफिकिरीने नाही केलं, हे मला लिहायचंय. विचार करून केलं. हळद नेली नाही, डाग पडेल म्हणून. कुंकू नेलं नाही. उदबत्ती नाही, धूर होईल. फक्त एक फूल आणि औषधाच्या बाटलीत थोडं पाणी. पाण्याचा कुठे डाग पडतो, असं मनाशी म्हटलं. दुपारच्या जेवणाची वेळ होती. ईशा वर मीटिंगला गेली होती. मी आरी आणि कात्री चौकटीच्या कडेला ठेवली, फूल बुडवलं, शिंपडलं. हात जोडले. डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा निळ्या लाटेवर पाच-सहा थेंब होते. थेंबाखालच्या टिकल्या हलत होत्या. मला वाटलं माझे डोळे. मग दिसलं, त्या कडेने वळत होत्या, जाळावर धरलेल्या कागदासारख्या, आणि मऊ होत होत्या. निळा रंग जाळीत उतरत होता. मी ओढणीचं टोक घेऊन टिपलं. टिपायलाच नको होतं. टिकल्या ओढणीला चिकटल्या, डिंकासारख्या. ओढणी उचलली तशा वर आल्या, आणि जुना रेशमी दोरा तुटला. पुढे काय झालं ते आरीच्या माणसाला सांगावं लागत नाही. एक ओळ सुटली, तिच्या खालची सुटली. निळ्या टिकल्या टेबलावरून फरशीवर पडत राहिल्या, तांदूळ निवडताना सांडतात तशा आवाजात. मी दोन्ही हातांनी दोऱ्याची टोकं धरून उभी राहिले. सोडलं तर आणखी जाईल, म्हणून हलले नाही. ईशा येईपर्यंत तशीच.

ती दारात थांबली. मग जवळ येऊन माझ्या हातातली टोकं एकेक करून घेतली आणि त्यांना गाठी मारल्या. मीच शिकवल्या होत्या. नंतर फूल बघितलं.

"मावशी. पाणी?"

"थोडंसंच गं. पूजेचं."

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना. नो मॉइश्चर."

"अगं पण मी लावलंच नाही! आल्यापासून एकदा नाही लावलं. हे बघ हात."

मी हात पुढे केले. तिने भेगा बघितल्या. तिला हळूहळू कळत गेलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती हसायला लागली. पोट धरून, खाली बसून. आणि मग ती हसत नव्हती.

नंतर तिनेच समजावलं. मॉइश्चर म्हणजे ओल, पाणी. त्या काळात टिकल्या प्लास्टिकच्या नसायच्या. जिलेटिनच्या, म्हणजे जनावरांची हाडं उकळून काढलेल्या चिकाच्या. पाणी लागलं की विरघळतात. तो झगा ज्यांनी केला त्या बायकांनासुद्धा हे माहीत असणार. लॉरेनबाईंना तर पावसात फलाटावर उभं करायचेच नाहीत. सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलं असतं तर मलाही कळलं असतं. "मॉइश्चर म्हणजे काय गं?" एवढंच विचारायचं होतं. पण शाळा सोडलेल्या माणसाला एक सवय लागते. न कळलेल्या शब्दाला मान हलवायची. मी या देशात अकरा वर्षं मान हलवत आले होते.

दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. गाडीत ईशा म्हणाली, "मावशी, तुम्ही फक्त यस म्हणा. मी बोलते."

"काय बोलणार तू?"

"पूजा सांगितली तर रिपोर्टमध्ये तुमचं नाव जाईल. कार्ड येईपर्यंत तुमचं नाव कुठल्याच रिपोर्टमध्ये नको. काका किती वर्षं थांबलेत." तिने सिग्नलला गाडी थांबवली. "ॲक्च्युअली चूक माझीच आहे. मी धड सांगितलं नाही."

आदल्या रात्री घरी मी ह्यांना सांगितलं होतं. ते ताटावरून उठले नाहीत, घास मात्र हातातच राहिला. "गप्प बस," एवढंच म्हणाले. रागाने नाही. घाबरून.

टेबलाच्या पलीकडे संग्रहालयाचे तिघं वरिष्ठ होते. ईशाने सांगितलं की पाण्याची बाटली तिची होती, तिने नियम मोडून ती टेबलावर ठेवली, धक्का लागून सांडली. मी शेजारी नुसती काम करत होते. मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. अगदी सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द तोडून त्यांनी विचारलं, असंच झालं का?

"यस," मी म्हणाले.

अख्ख्या वाक्यात उत्तर द्यायला मला इंग्रजी येत नव्हतं, हे खरं आहे. पण तो "यस" इंग्रजी न येण्यामुळे नव्हता आला.

झगा पुन्हा खोक्यात गेला. उभा करायचा नाही असं ठरलं, आता कधीच नाही. प्रदर्शनाच्या दिवशी ईशाने मला बोलावलं. तिचं कंत्राट पुढे वाढवलं नव्हतं, तिचा तो शेवटचा आठवडा होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं. म्हणाली, "लॉरेनच्या बाजूला बसा, मावशी. मला नाही जमणार."

काचेच्या कपाटात लॉरेनबाईंचा मोठा फोटो लावला होता. वीस वर्षांच्या, हात अर्धा वर केलेला. पुतळ्याची जागा रिकामी, मधोमध दिवा. लॉरेनबाई पुढे गेल्या. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. पुन्हा डावीकडे. मग माझा हात चाचपला.

"मला दिसत नाहीये," त्यांनी विचारलं, "की तो तिथे नाहीच?"

हे मला भाषांतराशिवाय कळलं.

"नो," मी म्हणाले. "नॉट देअर."

त्यांनी श्वास सोडला. डोळ्यांचा दोष नाही म्हणून बरं वाटलं असावं, असं क्षणभर वाटून गेलं. मग म्हणाल्या, "त्या ईशाने पाणी सांडलं म्हणे. तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, आणि त्या पोरीने..." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, भेगांवरून अंगठा फिरवला. "सॉरी, हनी," त्या मला म्हणाल्या. मला!

तिथे सांगता आलं असतं. तिथे टेबल नव्हतं, रिपोर्ट नव्हता, अर्ज नव्हता. ऐकणारी एकच म्हातारी होती, आणि तिला खरं जाणून घ्यायचा हक्क सगळ्यांपेक्षा जास्त होता. ईशा दाराशी उभी होती, हातात कोट. मी लॉरेनबाईंच्या हातावर दुसरा हात ठेवला आणि गप्प बसले. त्यांना वाटलं, मी त्यांचं सांत्वन करतेय.

लॉरेनबाई पुढच्या वसंतात गेल्या. ईशाने फोनवर सांगितलं.

ईशा आता नोव्हायला असते, तिच्या काकांकडे. गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात याद्या करते. दुसऱ्या दोन संग्रहालयांत तिने अर्ज केले होते, पण तिथे आधीच्या ठिकाणी विचारतात. मी विषय काढला की म्हणते, "लेट इट गो, मावशी. इट्स ओके." तिला कपड्याची उलटी बाजू बघायला जमिनीवर बसायला आवडायचं. गोदामात काय उलटून बघणार?

हंसाबेनच्या मागच्या खोलीत आता खोकीच आहेत. मी पुढे काउंटरवर साड्यांना पिना लावते. त्यानंतर आरी हातात घेतली नाही. घ्यावीशी वाटत नाही. आमचं कार्ड मागच्या वर्षी आलं. ह्यांनी पेढे वाटले, मीही खाल्ला. ज्या भीतीपोटी मी गप्प बसले ती संपली, असं कागद म्हणतो. मग मी अजून का गप्प आहे?

आणि आज हे लिहितेय तेही मराठीत. हे वाचतील ते आपलेच लोक, त्या संग्रहालयातलं कुणी वाचणार नाही, आणि ईशाला तर देवनागरी वाचताच येत नाही. म्हणजे हीसुद्धा माझी लपायचीच जागा झाली. लिहून हलकं वाटेल म्हणतात. मला वाटलं नाही.

शनिवारी मी लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला जाते. तिथल्या बाईंकडून मी एक कागद लिहून घेतलाय, कशासाठी ते न सांगता. चार वाक्यं आहेत. पाणी मी शिंपडलं. तिने मला बजावलं होतं. बाटली तिची नव्हती. ती माझ्यासाठी खोटं बोलली. पहिली तीन मला न बघता येतात. चौथं मी दर वेळी अर्ध्यावर सोडते. वर्गातल्या बाईंना वाटतं उच्चाराची अडचण आहे.

ईशा, तारीख देत नाही. घाबरट बाईने तारीख देऊ नये. आधी तुला विचारीन, तू नको म्हणशील, तरी जाईन. गेलेली वर्षं आणि ती नोकरी मला परत आणता येणार नाही. पण तुझ्या नावावर लागलेलं पाणी माझं होतं, हे त्याच टेबलासमोर, त्याच तिघांना, माझ्या तोंडाने सांगून मी तुझे उपकार फेडीन. कधी तरी. पण फेडीन.